तिथी विचारणारं अ‍ॅप

पुण्यात धायरीतला एक छोटा वृद्धाश्रम आणि तशाच आणखी काही संस्था यांच्यासाठी आम्ही मोबाइल अ‍ॅप करत होतो. पावत्या, देणगीदारांची यादी, औषधांचा साठा हे भाग झाले होते. राहिलं होतं जेवणाचं कॅलेंडर. वाढदिवस, वर्षश्राद्ध अशा निमित्तांनी लोक एका वेळचं जेवण देतात, आणि अशा संस्थांच्या स्वयंपाकघराला त्याचा मोठा आधार असतो. व्यवस्थापक काकू म्हणाल्या, "आधी सर्वपित्रीला दिवसभर इथे येऊन बस. मग बोलू कॅलेंडरचं." म्हणून 14 ऑक्टोबर 2023 ला, शनिवारी, मी सकाळीच तिथे पोचले.

पहिली गाडी सहकारनगरहून आली. बाराच्या सुमारास फाटकाशी रांग लागली होती. श्राद्धाचा स्वयंपाक ठरलेला, त्यामुळे प्रत्येकाच्या डब्यात तेच: तांदळाची खीर, वडे, कढी, अळूची पातळ भाजी, गवार, भोपळा, आमसुलाची चटणी. राहणारी माणसं तीसच्या आसपास, त्यांतल्या कितीतरी जणांना मधुमेह. नोंदवहीत दुपारचं जेवण एकाच घराच्या नावावर होतं. बाकीचे सगळे न कळवता आले होते. बावधनहून आलेले एक गृहस्थ डबा हातात धरूनच उभे राहिले. "वडिलांच्या नावाचं आहे हो, परत कसं नेऊ?" असं म्हणताना त्यांचा आवाज भरून आला होता. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. आपल्या माणसाच्या नावाने कुणीतरी जेवावं, या इच्छेत नाव ठेवण्यासारखं काही नाही.

काकूंनी डबा घेतला. आत एक आजी प्रत्येकाच्या डब्यातला एकेक घास खात होत्या. पोट कधीच भरलं होतं, पण देणारा समोर उभा असला की त्या त्याच्याकडे बघून पुन्हा हात पुढे करायच्या. मला ते पाहवेना. उरलेलं अन्न दुपारी जवळच्या बांधकामावरच्या मजुरांकडे गेलं, पण खीर तोवर आंबायला लागली होती.

त्याच गर्दीत एकाने पाच हजार रोख दिले आणि 80जी ची, म्हणजे आयकरात सवलत मिळवून देणारी, पावती मागितली. 2017 पासून रोख देणगी 2000 रुपयांपर्यंत असेल तरच तिच्यावर ही सवलत मिळते, आणि धान्य किंवा जेवण अशा वस्तुरूप देणगीवर मिळतच नाही. काकूंना हे पाठ आहे, पण हातात झारा असताना ते कुणाकुणाला समजवायचं? शिवाय 2021-22 या आर्थिक वर्षापासून प्रत्येक देणगीदाराचा पॅन किंवा दुसरा ओळख क्रमांक घालून आयकर खात्याकडे फॉर्म 10बीडी, म्हणजे देणग्यांचं वार्षिक विवरण, भरावा लागू लागला. मुदत 31 मेपर्यंत. उशीर झाला तर दिवसाला 200 रुपये. ज्या संस्थेत हिशेब, स्वयंपाक आणि रात्रीचं आजारपण एकच बाई पाहते, तिला हा भार फार होतो. म्हणून रोखीचा आकडा 2000 च्या वर गेला की अ‍ॅप तिथल्या तिथे मराठीत सांगतं आणि यूपीआयचा क्यूआर पुढे करतं.

तीन वाजता काकूंनी नोंदवही माझ्यासमोर उघडली. दुसऱ्या दिवशी घटस्थापना. ते पान कोरं. पुढची पानंही जवळजवळ दिवाळीपर्यंत कोरी. "आज ओसंडतंय, आणि उद्यापासून मी वाण्याला उधारी वाढवून मागणार," त्या म्हणाल्या. माझ्यासाठी अ‍ॅपचं खरं काम त्या दोन पानांच्या मध्ये होतं.

मग तिथीचा प्रश्न निघाला. "लोक मला तारीख सांगत नाहीत गं. मार्गशीर्ष शुद्ध नवमी म्हणतात आणि यंदा कधी येते ते विचारतात." त्या वर्षी 18 जुलै ते 16 ऑगस्ट अधिक श्रावण होता, त्यामुळे गेल्या वर्षीच्या तारखांवरून केलेला अंदाज पुढे सगळा कोलमडला होता. आम्ही कॅलेंडर तिथीवर उभं केलं. चंद्र सूर्यापासून 12 अंश पुढे सरकला की एक तिथी संपते. तिला कधी 20 तास लागतात, कधी 26 च्याही वर, म्हणून कधी एखादी तिथी गळते (क्षय), कधी दोन दिवस येते (वृद्धी). नुसत्या तिथीला अयनांश (सायन आणि निरयन राशींमधलं अंतर) लागत नाही, पण महिना अधिक आहे का हे संक्रांतीवरून, म्हणजे सूर्य रास कधी बदलतो त्यावरून, ठरतं, तिथे तो लागतो. श्राद्धाला अपराह्णातली, म्हणजे दुपारनंतरच्या वेळेची, तिथी धरतात, त्यामुळे सूर्योदयाची तिथी दाखवणं पुरेसं नव्हतं. दोन्ही वेळा पुण्याच्याच घेतल्या. इतकं करूनही शेवटचा शब्द घरच्यांचा: अ‍ॅप तारीख सुचवतं आणि विचारतं.

दुसरी अडचण रेंजची. धायरीच्या त्या कोपऱ्यात नेट मध्येच जातं, आणि दोन फोनवरून एकच दुपार दोघांना दिली जाऊ शकते. म्हणून सर्व्हरशी जुळणी होईपर्यंत "मागणी नोंदवली" एवढंच दिसतं, "दिवस ठरला" नाही.

सर्वांत जास्त वेळ गेला तो दिवस भरल्यावर दाखवायच्या स्क्रीनवर. "उपलब्ध नाही" हा मजकूर काकूंनी ताबडतोब काढायला लावला. आता तिथे येतं: "या दिवशीच्या जेवणाची सोय झाली आहे. त्याच नावाने हे देता येईल." खाली संस्थेने स्वतः लिहिलेली गरज: मोठ्यांचे डायपर, गॅस सिलिंडर, रात्रपाळीच्या मावशींचा पगार, जवळचा रिकामा दिवस. पावतीवर "यांच्या स्मरणार्थ" छापलं जातं. पगारासाठी लोक सहसा पैसे देत नाहीत, आणि मला ते फार खुपतं. रात्री दोनला आजोबांना उठवून बसवणारी ती बाई नसेल, तर सकाळचा नाश्ता कोण खाणार?

पुढच्या वर्षीची सर्वपित्री 2 ऑक्टोबरला, गांधी जयंतीच्या सुट्टीच्या दिवशी आली. दुपारचं जेवण एका घराचं, संध्याकाळचं दुसऱ्याचं, आणि बावधनच्या गृहस्थांनी वडिलांच्या नावाने मावशींचा महिन्याचा पगार दिला. दोन घरं तरीही न कळवता डबे घेऊन आली. काकूंनी तेही घेतले.

2026 चा अधिक महिना ज्येष्ठ, 17 मे ते 15 जून. ज्येष्ठात तिथी असलेल्या घरांची यादी अ‍ॅप काढून देतं, आणि कुठल्या ज्येष्ठात करणार हे त्या घरांना विचारायचं काम काकूंनी स्वतःकडे ठेवलं आहे. त्यासाठी आपोआप जाणारा मेसेज करू का, असं मी विचारलं होतं. त्या म्हणाल्या, "नको. ज्यांचं माणूस गेलंय, त्यांना मी फोनच करते."