लेटर आणा, वाचून देतो

आपल्या शाळेच्या सुवर्णमहोत्सवाच्या अंकासाठी लिहा म्हणून फोन आला आणि विषय दिला "नव्या पदवीधरांना मार्गदर्शन". मी काही लई मोठा माणूस नाही, वाळूजला एका कंपनीत एचआरमध्ये आहे, रोज पोरांचे कागद बघतो, त्यातलंच सांगतो.

आपले मराठीचे सर पत्रलेखन पुस्तकातून शिकवायचेच नाहीत. पोस्टातले मनीऑर्डरचे फॉर्म, बँकेच्या स्लिपा, एसटी पासचे अर्ज आणायचे, आणि एक खाडाखोड झाली की परत पहिल्यापासून! मग ३० सप्टेंबर १९९३ ला भूकंप झाला. किल्लारी आपल्याच तालुक्यातलं. पुढं पुनर्वसनाचे कागद सुरू झाले तेव्हा सरांनी आम्हा दहावीच्या पोरांना सरळ पत्र्याच्या शेडमध्ये नेऊन बसवलं. घर २५०, ४०० का ७५० चौरस फुटाचं हे जमिनीवर ठरायचं, त्यामुळं सातबारावर नाव कुणाचं, भाऊ वेगळा का एकत्र, हे सगळं विचारून लिहायचं, आणि समोरच्याच्या घरातली माणसं गेलेली, कसं विचारायचं सांगा. एक म्हातारी मला म्हणली, "बाबा, काय लिहिलास ते आधी वाचून दाखव, मग अंगठा देते."

आणि आता बीई, एमएस्सी झालेली पोरं ऑफर लेटर न वाचता सही करतात. बाँड, म्हणजे ठरावीक काळ नोकरी सोडायची नाही असा करार, आहे का, प्रोबेशन किती, नोटीस पिरियड किती, सीटीसीतले, म्हणजे कंपनी आपल्यावर वर्षाला करते त्या एकूण खर्चातले, हातात किती येणार, काही नाही, फक्त पॅकेजचा आकडा. पीएफचं तर विचारूच नका, नोकरी बदलली की पैसे काढले आणि गाडी घेतली. अरे यूएएन, म्हणजे आपला पीएफचा नंबर, तोच राहतो, पैसे नव्या कंपनीच्या खात्यात ट्रान्सफर करा, सलग ५ वर्षं व्हायच्या आत काढले तर टॅक्स लागू शकतो, आणि पेन्शनला १० वर्षं सर्व्हिस लागते, पेन्शनचे पैसेपण काढून घेतले की सर्व्हिसची मोजणी परत शून्यापासून.

एमपीएससीवाल्यांनी जाहिरात तरी नीट वाचावी. राज्यसेवेची मुख्य परीक्षा २०२५ पासून वर्णनात्मक झाली तरी काहीजण जुन्याच नोट्स घोकतायत. आणि खुल्या गटाला ३८ वयापर्यंत बसता येतं म्हणून ३८ पर्यंत पुण्यात रूम करून राहायचंच असं नसतंय गड्या, औंदा सोयाबीन काय भावानं गेलं ते वडलांना एकदा विचारा.

माजी विद्यार्थ्यांच्या मेळाव्याच्या दिवशी मी दहावी अ च्या वर्गात बसणार आहे, कुणाला लेटर दाखवायचं असेल तर खुशाल या. फक्त मोबाईलवर नको, झेरॉक्स आणा, बारीक अक्षर आता दिसत नाही मला.