क्रीमशिवाय सूप: पाचव्या खेपेला फुटलं नाही!

काल रात्री गॅससमोर उभी राहून दहा मिनिटं नुसती पातेल्यात बघत होते. एकही कणी नाही, कडेला पाणी सुटलेलं नाही, चमच्याच्या पाठीवर बोटाने रेघ ओढली तर रेघ तशीच राहिली. चार वेळा वाया गेल्यावर हे दिसलं म्हणून आधी तेच सांगून टाकलं.

बेस पाचही वेळा तोच, टोमॅटो, लाल ढोबळी मिरची, कांदा आणि सालासकट लसूण, २२० डिग्रीला भाजलेलं. ट्रेमध्ये गर्दी करायची नाही, नाहीतर भाज्या आपल्याच वाफेत शिजतात आणि रंग येतच नाही. चार जणांना एक टेबलस्पून तेल, तेही वरून ओतायचं नाही, हाताने चोळायचं, तेवढं पुरतं.

गाडी अडली होती ती क्रीमऐवजी घालायच्या दह्यावर. १०० मिली हेवी क्रीम घातलं की ३५ ग्रॅमच्या आसपास फॅट जातं, म्हणजे नुसत्या फॅटच्याच तीनशेच्या वर कॅलरी, आणि सुट्ट्यांत आठवडाभर रोज काही ना काही जड होतच असतं, म्हणून क्रीम काढायचं हे पक्कं होतं. पहिल्यांदा लो-फॅट दही थेट उकळत्या सूपमध्ये घातलं, लगेच फुटलं, ती चूक माझीच. दुसऱ्यांदा गरम सूप थोडं थोडं दह्यात घालून मग सगळं एकत्र केलं, तेव्हा छान दिसलं पण परत गरम करताना फुटलं. तिसऱ्यांदा दह्यात कॉर्नफ्लॉवर कालवलं, फुटलं नाही पण कच्च्या पिठाची चव आली, कारण कॉर्नफ्लॉवर नीट शिजायला जवळजवळ उकळी लागते आणि मी तर उकळी टाळत होते. चौथ्यांदा दही सोडून दूध घेतलं, तर टोमॅटोच्या आंबटपणाने ते नासलं. दुधातलं केसीन हे प्रोटीन ४.६ पीएचच्या (पीएच म्हणजे आंबटपणाचं माप) आसपास गोळा होतं आणि टोमॅटो साधारण तिथेच असतो, त्यामुळे दुधाचा नाद मी कायमचा सोडला.

मग आठवडाभर डोक्यात एकच, की दुसऱ्या खेपेला दही मी थर्मामीटर लावून ७० ला घातलं होतं, परत गरम करतानाही ७५ च्या वर जाऊ दिलं नव्हतं, तरी फुटतं कसं? शेवटी थर्मामीटरच तपासला. ग्लासभर बर्फ, त्यात थोडं पाणी, नीट ढवळून काडी मधोमध धरली, आकडा शून्य यायला हवा, आला उणे ७! म्हणजे मी ज्याला ७५ समजत होते ते ८२ च्या घरात होतं आणि एवढ्या तापात दह्यातली प्रोटीन आकसून पाणी बाहेर टाकतात. ऑनलाइन मागवलेला होता, पाकिटावर अचूकतेच्या मोठ्या गप्पा होत्या, विकणाऱ्याने परत घ्यायला नकार दिला. तुमच्याकडे असेल तर आजच बर्फात बुडवून बघा. उकळत्या पाण्यात तपासू नका, कारण उंचीवर राहत असाल तर पाणी १०० च्या आधीच उकळतं, दर ३०० मीटरला साधारण एक डिग्री कमी.

दुसरा बदल दह्यात. लो-फॅट सोडलं, फुल-फॅट घेतलं आणि फडक्यात चार तास टांगून चक्का केला. फॅट असलं की प्रोटीन इतक्या पटकन एकमेकांना चिकटत नाहीत. आणि घट्टपणासाठी दह्यावर विसंबायचंच नाही, त्यासाठी पाव किलो फ्लॉवर अगदी गळेपर्यंत शिजवून बेसमध्ये वाटला. मागे एकदा घट्टपणासाठी बटाटा वाटला तर मिक्सरमध्ये त्याचा डिंक झाला होता, तो स्टार्चमुळे, फ्लॉवरमध्ये स्टार्च फारसा नसतोच, कितीही फिरवा, मऊच राहतो. त्यामुळे २०० ग्रॅम दह्याचं काम ६० ग्रॅम चक्क्यावर आलं, फॅट फार तर ६ ग्रॅम. फ्लॉवर ताजाच घ्या, फ्रोझन घेतला तर पाणी सुटतं आणि चव पातळ होते.

वाटायला जारचा मिक्सरच, हँड ब्लेंडरने सालं राहतात. फक्त गरम असताना जार अर्धाच भरा आणि झाकणावर फडकं धरा, वाफेने झाकण उडतं.

आता हे लिहिता लिहिता सुचलंय, की परत गरम करायचा प्रश्न मी उगाच पातेल्यात सोडवत बसले. सुट्टीत माणसं एकदम कुठे जेवतात, कोणी आठला कोणी दहाला. बेस बिनदह्याचा मंद गॅसवर ठेवायचा, चक्का वाटीच्या तळाशी एक चमचा, त्यावर आधी दोन चमचे सूप घालून ढवळायचं आणि मग बाकीचं ओतायचं. तसं जमलं तर थर्मामीटरचीही गरज नाही! मी नवीन मागवणार होते, तो बेत आता थांबवला.

यानंतर मशरूम सूपचा बेत होता तो पुढे ढकलते. आज रात्री वाटीचाच प्रयोग, बेस उरलाय, चक्का टांगून ठेवलाय.