मॅटाडोर, आंबा घाट आणि ओले काजूगर : आमची वाटचाल

देवरूखपासून थोड्या अंतरावर आमची वाडी आहे. फणसपोळी, आंबापोळी, आमसुलं, कोकम आगळ (कोकमाचा खारवलेला रस), सरबत आणि तळलेले गरे असा माल आम्ही तयार करतो आणि मुख्यतः घाटावर विकतो: कोल्हापूर, सांगली, इचलकरंजी. सासूबाईंनी, ज्यांना वाडीतले सगळेच आई म्हणतात, १९८९ साली मागच्या पडवीत हे काम सुरू केलं. बरके, म्हणजे मऊ रसाळ गऱ्यांचे, फणस झाडाखाली पडून कुजून जायचे, ते त्यांना बघवेना. शेजारच्या चार बायका हाताशी घेतल्या, गरे चाळणीवर घासून रस काढला, साखर घालून तेलाचा हात लावलेल्या ताटांत पसरला आणि उन्हात वाळवला. पहिली काही वर्षं हा माल एसटीच्या टपावरून जायचा. १९९६ साली सासऱ्यांनी, म्हणजे अप्पांनी, वापरलेली मॅटाडोर, म्हणजे मालवाहू टेम्पो, विकत घेतली आणि पडवीतल्या कामाचा खऱ्या अर्थाने धंदा झाला.

मी या घरात सून म्हणून आले ती २००४ साली. हिशेबाच्या वह्या माझ्याकडे आल्या आणि त्याबरोबर मॅटाडोरचा खर्चही. पुढची बरीच वर्षं आमच्या घरात एकच प्रश्न दर पावसाळ्यात निघायचा आणि दर दिवाळीला मागे पडायचा: गाडी ठेवायची की बदलायची?

ज्यांनी मॅटाडोर पाहिली नाही त्यांच्यासाठी सांगते. आकुर्डीच्या बजाज टेम्पोची ही गाडी. कंपनीचं नाव २००५ साली फोर्स मोटर्स झालं, पण आमच्या आरसी बुकावर शेवटपर्यंत बजाज टेम्पोच राहिलं. एके काळी महाराष्ट्रात लग्नाचं वऱ्हाड, भाजी, दूध, शाळेची मुलं, बँडवाले सगळे मॅटाडोरनेच जायचे. आमच्या गाडीच्या कपाळावर 'श्री मार्लेश्वर प्रसन्न' असं पिवळ्या रंगात लिहिलं होतं आणि दर संक्रांतीला यात्रेच्या आधी अप्पा ती अक्षरं स्वतः पुन्हा रंगवायचे. वाडीतली बाळंतीण रत्नागिरीला न्यायची असो की कामावरच्या बायकांना पावसाळी संध्याकाळी घरपोच करायचं असो, हाक मॅटाडोरलाच. माझी दोन्ही मुलं आगळीच्या बाटल्यांच्या पेट्यांना टेकून झोपत कोल्हापूरला गेली आहेत. तिच्या बाजूने एक गोष्ट मी आजही ठामपणे सांगेन. ती सावकाश चालायची, त्यामुळे पेंढ्यात बसवलेल्या काचेच्या बाटल्या क्वचितच फुटायच्या.

पण वय झालं होतं. सकाळी सेल्फ लागायचा नाही. डिझेलच्या लाइनमध्ये हवा धरायची, मग पाना घेऊन बसा आणि हँडप्राइमर मारत बुडबुडे जाईपर्यंत एअर काढा. कोल्हापूरच्या वाटेवरचा आंबा घाट चढताना तापमानाचा काटा वर गेला की उभं राहायचं, इंजिन निवेपर्यंत थांबायचं, मग रेडिएटरचं झाकण फडक्याने जपून उघडून पाणी घालायचं. साखरप्यापासून वर आंबा गावापर्यंत पाण्याची कुठे काय सोय आहे हे आमच्या चालककाकांना तोंडपाठ होतं. मालाची शेड बांधली तीसुद्धा गाडीच्या सोयीने. जागा सपाट होती ती सोडून आम्ही उताराच्या तोंडाशी बांधली, म्हणजे रात्री गाडी नाक खाली करून लावता यावी, चाकाला लाकडी ठोकळा द्यावा आणि पहाटे ठोकळा काढला की उतारावर गिअरमध्ये टाकून चालू करता यावी. कोणी नवा माणूस आला की विचारायचा, शेड इतकी कडेला का? आम्हाला मात्र त्यात काही वेगळं वाटत नव्हतं.

दुरुस्तीचा खर्च मी वेगळ्या वहीत लिहीत असे. क्लचप्लेट, हेड गॅस्केट, नोझल, केबिनखालचं वेल्डिंग. रक्कम दरवर्षी वाढत होती, तरीही नव्या गाडीच्या हप्त्यांशी ताडून पाहिली की मॅटाडोरच स्वस्त पडायची. ही वही समोर ठेवली की चर्चा तिथेच संपायची. अप्पांचं म्हणणं साधं होतं आणि त्यात तथ्यही होतं. आमचा धंदा जूनपासून जवळजवळ बंद. वाळवणाला ऊन नाही, बाजारात फळ नाही. हप्ता मात्र पावसाळ्यात थांबत नाही. 'कर्ज नसलेली गाडी बंद पडली तर एक दिवस जातो, कर्जाची गाडी चालू असली तरी झोप जाते,' असं ते म्हणायचे. गावोगाव धंदे हप्त्यांखाली दबताना त्यांनी पाहिले होते. म्हणून मी कधी वाद वाढवला नाही.

मधे आम्ही भाड्याची गाडी करून पाहिली. वर्षभर स्वस्त पडली असती, पण आमचा हंगाम आणि हापूसचा हंगाम एकच. एप्रिल-मे महिन्यात रत्नागिरी जिल्ह्यातली प्रत्येक पिकअप आंब्याच्या पेट्यांना बांधलेली असते. आंबेवाला जो दर देतो तो फणसपोळीवाला देऊ शकत नाही, आणि गाडीवाल्याने आम्हाला थांबवून ठेवलं तर त्याला बोल लावायलाही जागा नाही. दुसरा उपाय म्हणजे इंजिन पूर्ण खोलून नवं करून घेणं. मिस्त्रींनी प्रामाणिकपणे सांगितलं की इंजिन उभं करून देईन, पण त्याच्याभोवतीचं सगळं जुनंच राहणार: केबिन, ब्रेकच्या लाइनी, स्टिअरिंग. मॅटाडोर नवी निघायची केव्हाच बंद झालेली, त्यामुळे सुटे भाग भंगारातल्या गाड्यांमधून शोधायचे. भंगारातून आणलेला भागही तितकाच म्हातारा.

२०२० साली केंद्राची सूक्ष्म अन्नप्रक्रिया उद्योगांची योजना आली. प्रकल्पखर्चाच्या ३५ टक्के, जास्तीत जास्त १० लाखांपर्यंत अनुदान. आम्ही कागदपत्रं केली, पल्पर (फळाचा गर काढायचं यंत्र) आणि ड्रायर आणला. पावसात अडकलेलं वाळवण ड्रायरने सुटलं, उत्पादन वाढलं. त्या वर्षी पहिल्यांदा असं झालं की माल तयार आहे, मागणी आहे आणि गाडी नाही.

मग जुलै २०२१ आला. चिपळूण बुडालं त्याच पावसात आंबा घाटात दरडी कोसळल्या, रस्ता खचला आणि अवजड वाहतूक बंद ठेवावी लागली. गणपती सप्टेंबरच्या दहा तारखेला होते. कोल्हापूरच्या दुकानदारांना गणपतीआधी आमसुलं आणि आगळ हवंच असतं. त्या रस्त्याचा भरवसा नव्हता, म्हणून काकांनी गाडी अणुस्कुरा घाटाने न्यायचं ठरवलं. तो घाट आंबा घाटापेक्षा अवघड, वळणं आवळलेली. जाताना चढ होता, निभावलं. परत येताना रिकाम्या पेट्या घेऊन उतरताना ब्रेकचा पाय खाली जायला लागला. काकांनी पहिल्या गिअरवर गाडी धरली, एका वळणाच्या आत डोंगराच्या बाजूला लावली, चाकांना दगड दिले आणि ड्रम निवेपर्यंत पावसात उभे राहिले. घरी आले तेव्हा अंधार पडला होता. चहा घेताना मला म्हणाले, 'वहिनी, चढायला मी तिला कधीही नेईन. उतरवायला माझ्या पायाला आता भरवसा वाटत नाही.'

काकांनी अप्पांच्या आधीपासून मॅटाडोर चालवलेली. ही गाडी अप्पांना शोधून दिली तीही त्यांनीच. त्यांच्या तोंडून हे ऐकल्यावर अप्पा काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी माझ्याकडे दुरुस्तीची वही मागितली नाही, ऑर्डरची वही मागितली.

ती वही मी आणि अप्पांनी मिळून पहिल्यांदाच गाडीच्या नजरेने वाचली. काय विकलं हे तिथे होतंच, पण कुठल्या ऑर्डरला आम्ही नाही म्हटलं हेही मी समासात टिपून ठेवायची. सांगलीच्या दुकानदाराला पिकलेले कापे, म्हणजे घट्ट कुरकुरीत, गरे ताजे हवे होते, नाही म्हटलं. इचलकरंजीच्या एका केटररला लग्नसराईत दर आठवड्याला ओले काजूगर हवे होते, नाही म्हटलं. कोल्हापुरातून नीरफणस मागितले, नाही म्हटलं. कारण प्रत्येक वेळी एकच: नाशवंत माल घाटात अडकला तर गेला. म्हणजे आम्ही वर्षानुवर्षं वाळवलेला, खारवलेला, बाटलीबंद, टिकणारा मालच करत आलो त्याला आईंच्या हातची चव हे एक कारण होतं आणि मॅटाडोर हे दुसरं. फणसपोळी दोन दिवस उशिरा पोचली तरी फणसपोळीच असते. काजूगर दुसऱ्या दिवशी आंबूस होतात. दुरुस्तीच्या वहीत स्वस्त दिसणारी गाडी या समासात महाग होती, आणि तो समास कुठल्याही खात्यात जमा होत नव्हता.

बाकीच्या गोष्टी भराभर झाल्या. आठ वर्षांवरच्या मालवाहू गाडीला दरवर्षी पासिंग लागतं, शिवाय पर्यावरण कर. त्यात १ एप्रिल २०२२ पासून केंद्राने १५ वर्षांपुढच्या गाड्यांचं शुल्क वाढवलं आणि हलक्या मालवाहू गाडीच्या फिटनेस प्रमाणपत्राला ७,५०० रुपये ठरवले. त्यावर केबिनचा पत्रा आणि ब्रेकचं काम वेगळं. अप्पांच्या हप्त्याच्या भीतीवर उपाय असा काढला की गाडी हंगामाच्या शेवटी, हातात रोकड असताना घ्यायची, पहिली रक्कम होईल तितकी मोठी भरायची आणि पावसाळ्याच्या चार महिन्यांचे हप्ते आधीच बँकेत वेगळे ठेवायचे. ही रक्कम बाजूला पडल्याची पावती पाहिल्यावरच त्यांनी सही केली. दरवर्षी मे महिन्यात आम्ही आजही तसंच करतो, आणि माझ्या मते हंगामी धंदा करणाऱ्या कोणीही हप्त्याची गाडी घेताना हे करावंच.

२०२२ च्या मे अखेर बंद बॉडीची पिकअप आली. मॅटाडोरचं काय करायचं यावर घरात दोन मतं होती. अंगणात ठेवू, मुलांना खेळायला होईल असं माझ्या नवऱ्याचं म्हणणं. मला ते पटत नव्हतं. कोकणच्या पावसात उभी गाडी गंजून चाळण होते, खाली सापकिरडू येतं आणि ज्या गाडीने इतकी वर्षं घर चालवलं तिच्यावर वेली चढलेल्या बघायची माझी तयारी नव्हती. एक गिऱ्हाईक आलं होतं, खाणीवर वापरायला मागत होतं, किंमतही बरी देत होतं. काकांनी विरोध केला. जे ब्रेक मला नकोत ते दुसऱ्या चालकाच्या पायाखाली द्यायचे नाहीत, असं ते म्हणाले आणि आम्ही सगळ्यांनी ते मान्य केलं. शेवटी नोंदणीकृत भंगार केंद्रात गाडी देऊन नोंदणी रद्द केली. तिथून ठेव प्रमाणपत्र मिळतं आणि केंद्राच्या नियमांत त्यावर नव्या मालवाहू गाडीच्या करात १५ टक्क्यांपर्यंत सवलतीची तरतूद आहे. आम्ही नवी गाडी आधीच घेतलेली असल्यामुळे आम्हाला त्याचा उपयोग नव्हता. तुमच्याकडे असा निर्णय घ्यायचा असेल तर आधी जुनी गाडी द्या, मग नवी घ्या.

आता ओल्या काजूगरांविषयी, कारण माझा जीव सध्या त्यात आहे. जानेवारीच्या शेवटापासून बिया कोवळ्या असतानाच काढायच्या. कोयत्याने बी उभी चिरायची, टोकदार काडीने गर अख्खा उचलायचा, मग कोमट पाण्यात टाकून वरची साल सोलायची. बीच्या टरफलातला डीक हाताला लागला की कातडी भाजल्यासारखी सोलपटते. पूर्वी बायका राख आणि खोबरेल लावून बसायच्या, आम्ही हातमोजे दिले. पहिल्या आठवड्यात सगळ्यांनी ते काढून टाकले, कारण मोज्यात गर तुटतो आणि तुटलेला गर शेकड्यात मोजत नाहीत. मग पातळ मोजे शोधून आणले. आता बोटांना पूर्वीसारखे चट्टे पडत नाहीत. काजूगर शेकड्यावर विकले जातात आणि शेकड्याचा भाव ऐकून घाटावरचा माणूस पहिल्यांदा दचकतो. पण एकदा ओल्या खोबऱ्याच्या वाटणातली उसळ खाल्ली की पुढच्या आठवड्याचा फोन तोच करतो. दुपारपर्यंत सोलून झालेले गर पाणी निथळून बर्फाच्या डब्यांत भरतो, संध्याकाळी गाडी सुटते आणि रात्रीच केटररच्या दारात माल उतरतो. ज्या केटररला नाही म्हटलं होतं, तोच आमचा पहिला गिऱ्हाईक झाला.

या कामामुळे वाडीतल्या बायकांना फेब्रुवारी-मार्चचे दोन महिने जास्तीचं काम मिळालं. फणस आणि कोकम सुरू व्हायच्या आधीचा हा काळ पूर्वी मोकळाच जायचा. आई आता सोलायला बसत नाहीत, पण भरण्याआधी प्रत्येक डब्यातले चार गर चाखतात आणि मगच झाकण लावू देतात.

काकांनी पिकअप वर्षभर चालवली. आता त्यांचा पुतण्या चालवतो आणि काका शेडवर माल चढवताना उभे असतात. पेट्यांचं वजन मागच्या चाकांवर किती आणि पुढे किती हे तेच ठरवतात, त्यात कोणी बोलायचं नाही. अप्पांनी नव्या गाडीच्या कपाळावरही मार्लेश्वराचं नाव घातलं आहे. यंदा कापे गरे ताजे पाठवायला सुरुवात करायची आहे. त्यासाठी गाडीत थंड पेटी बसवायची की पुण्यापर्यंत नेणाऱ्या कोणाच्या शीतगाडीत जागा घ्यायची, याचे दोन हिशेब माझ्या टेबलावर आहेत. पुण्याचा दुकानदार आठवड्याला किती माल उचलेल हे पक्कं कळलं की मार्चअखेर ठरवू.