दुपारच्या सत्राची सही

जुलैतला रविवार होता. आमच्या तालुक्याच्या डॉक्टर संघटनेची सीएमई, म्हणजे डॉक्टरांना नवं शिकवणारी व्याख्यानं, दहाला सुरू व्हायची होती आणि मी साडेआठलाच हॉलवर पोचलो होतो. सचिव झालं की प्रोजेक्टरची वायर, पाण्याचे जार, पुण्याहून येणाऱ्या वक्त्यांची गाडी, हजेरीचं रजिस्टर, सगळं आपल्याच गळ्यात पडतं. खुर्च्या मांडून घेत होतो तेवढ्यात मागून हाक आली, "अरे, जरा बाहेर येतोस?"

डॉक्टरकाका होते. गावात त्यांना नावाने कुणी ओळखत नाही. १९८७ साली एमबीबीएस झाले, दोन वर्षं इकडेतिकडे काढून माणदेशातल्या या कोपऱ्यात आले ते आलेच. मला गोवर झाला तेव्हा आईने त्यांच्याच दवाखान्यात नेलं होतं. मी मेडिकलला लागलो त्या दिवशी त्यांनी आपला जुना स्टेथोस्कोप माझ्या गळ्यात घातला होता. आता एकसष्ट वर्षांचे आहेत. सीएमईला ते कधी वेळेवर येत नाहीत, आणि साडेआठला तर नाहीच.

त्यांनी शर्टाच्या खिशातून घडी घातलेला लिफाफा काढला. डॉक्टरांची नोंदणी ठेवणाऱ्या मेडिकल कौन्सिलचं पत्र होतं. तुमच्या नोंदणीची मुदत संपून चौदा महिने झाले, नूतनीकरण झालेलं नाही, तरी या काळात तुम्ही रुग्ण तपासून प्रमाणपत्रं दिल्याचं दिसतं. कारवाई का करू नये याचा खुलासा करा, असा मजकूर. बाहेरच्या माणसाला हे वाहनाचा परवाना नव्याने काढण्यासारखं वाटेल. तसं नाही. नाव नोंदवहीत चालू नसेल तर आपण कायद्याने डॉक्टर म्हणून हातात पेनच धरू शकत नाही. ताकीद देण्यापासून ठरावीक काळासाठी नाव काढून टाकण्यापर्यंत कौन्सिल काहीही करू शकतं.

प्रकरण उघडकीला आलं ते एका ऊसतोड कामगारामुळे. ट्रॉली उलटून त्याच्या पायाचं हाड मोडलं होतं, काकांनी उपचार करून दाखला दिला होता. विमा कंपनीने दाखल्यावरचा रजिस्ट्रेशन नंबर तपासला, मुदत संपलेली निघाली. दावा अडकला आणि कंपनीने वर पत्र लिहिलं. चार महिने तो माणूस कुबडीवर काकांच्या दारात येऊन विचारत होता, "डॉक्टरकाका, कागदाचं काय झालं?"

"सीएमईच्या हजेरीचे पॉइंट नऊच भरतायत," काका म्हणाले. "तीस लागतात. रजिस्टरं तुझ्याकडेच असतात. गेल्या तीन-चार वर्षांच्या सीएमईत माझं नाव घाल, सर्टिफिकेटं दे, मी लेट फी भरून रिन्यू करून टाकतो. मागं एकदा केलंस की."

मागं एकदा केलं होतं, हे खरं होतं.

पाच वर्षांतून एकदा नोंदणीचं नूतनीकरण करायचं आणि त्यासाठी पाच वर्षांत किमान तीस तास शिकत राहिल्याचा पुरावा पॉइंटांच्या रूपात द्यायचा, ही अट काही परवा आलेली नाही. त्यातले तीस तास तर वैद्यकीय आचारसंहितेच्या २००२ सालच्या नियमांमध्येच लिहिलेले आहेत. वर्षाला सहा तास. पण तालुक्याला एकट्याने दवाखाना चालवणाऱ्या माणसाला ते सहा तासही जड जातात, हे मी रोज बघतो. पुण्याला जाऊन यायचं म्हणजे दिवस जातो, त्या दिवसाची ओपीडी बुडते, आणि तिथे ऐकायला काय मिळतं तर रोबोटने केलेल्या शस्त्रक्रिया. अनेक सीएमई औषध कंपन्यांच्या जेवणासाठीच भरतात, हेही मला मान्य आहे. म्हणूनच मी सचिवपद घेतलं, इथल्या आजारांवर इथेच बोलणारी माणसं आणायची म्हणून. आणि तरीही रजिस्टर पहिल्यांदा खोटं केलं ते मीच.

सहा वर्षांपूर्वी आम्ही सर्पदंश आणि विंचूदंशावर दिवसभराची सीएमई घेतली होती. काका सकाळी आले, सही केली, सर्पदंशाचं पहिलं व्याख्यान ऐकलं. पुतणीचं लग्न होतं, अकराला निघाले. जाताना खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "दुपारच्या सत्राची सही तू करून टाक." कौन्सिलचे ऑब्झर्व्हर जेवायला बसले होते. मी टाकली. काकांचं तिरकं वळण मला लहानपणापासून पाठ होतं, त्यांची चिठ्ठी घेऊन मेडिकलमध्ये जायचो ना. दुपारचं सत्र विंचूदंशाचं होतं.

त्या वेळी मला त्यात काही वावगं वाटलं नाही. तीस वर्षं विंचू चावलेली माणसं बघणाऱ्याला कोण काय शिकवणार, असं वाटलं होतं. काकांचं तेव्हाचं रिन्यूअल त्याच पॉइंटांवर झालं.

आणि या मे महिन्यात तो मुलगा आला.

रात्री साडेअकराला बुलेरो दवाखान्यासमोर थांबली. नऊ वर्षांचा पोरगा, संध्याकाळी गुरांसाठी कडब्याची पेंढी ओढताना बोटाला नांगी लागलेली. सातच्या सुमाराला काकांकडे नेलं होतं. काकांनी अॅव्हिल हे अॅलर्जीवरचं औषध आणि स्टेरॉइड अशी इंजेक्शनं दिली, बोटात बधिरतेचं औषध सोडलं, अर्धा तास बसवून घेतलं. वेदना कमी झाल्या म्हणून घरी पाठवलं. घरी गेल्यावर त्याला दोन उलट्या झाल्या, सदरा घामाने चिंब झाला. आईला वाटलं, दुखणं उतरतंय तर घाम येणारच. माझ्याकडे आला तेव्हा हातपाय बर्फासारखे, नाडी मोजता येईना, छातीत दोन्ही बाजूंना खरखर आणि ओठांच्या कोपऱ्यात गुलाबी फेस.

आमच्या भागातला लाल विंचू जीव घेतो तो असा. विषाने शरीरात अॅड्रेनॅलिनसारख्या द्रव्यांचा पूर येतो, रक्तवाहिन्या आवळतात, हृदय थकतं आणि फुप्फुसात पाणी भरतं. यातली फसवी गोष्ट म्हणजे वेदना. जो रुग्ण ओरडून गाव गोळा करतो तो बहुतेक वेळा वाचतो. जो शांत असतो, पण घामाने भिजतो, उलट्या करतो, ज्याचे तळवे गार लागतात, त्याच्याजवळून हलायचं नाही. हे कुण्या परदेशातल्या प्रयोगशाळेत सापडलेलं नाही. महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी कोकणातल्या आरोग्य केंद्रांत रुग्णांच्या उशाशी बसून हे टिपलं आणि १९८२ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात मांडलं. १९८६ मध्ये त्यांनी प्रॅझोसिनचा उपयोग दाखवला. रक्तदाबाची ती साधी गोळी, वजनाच्या किलोमागे तीस मायक्रोग्रॅम, हातपाय उबदार होईपर्यंत काही तासांच्या अंतराने पुन्हा पुन्हा. त्याआधी अशा रुग्णांना लायटिक कॉकटेल (गुंगी आणणाऱ्या औषधांचं मिश्रण), अॅट्रोपिन, स्टेरॉइड असं बरंच काही दिलं जायचं आणि माणसं जायची. २०११ मध्ये त्यांनीच दाखवलं की प्रॅझोसिनच्या जोडीला विंचवाची लस, म्हणजे विषावरचं प्रतिविष, दिली तर रुग्ण नुसत्या प्रॅझोसिनपेक्षा लवकर सावरतो.

काका १९८७ चे. ते शिकत होते तेव्हा जुनं जात होतं आणि नवं अजून पाठ्यपुस्तकात पोचायचं होतं. गोळीचं नाव त्यांनी ऐकलेलं होतं. ती कुणाला, कधी, कोणत्या लक्षणावर द्यायची आणि वेदना उतरलेल्या पोराला घरी का पाठवायचं नाही, हे सांगितलं गेलं त्या दुपारी ते लग्नात होते आणि कागदावर हजर होते.

त्या रात्री ऑक्सिजन, प्रॅझोसिन, लस, हृदयाला आधार देणारं ड्रिप, सगळं चालू करून मी त्याच्या पायाशी स्टूल घेऊन बसलो. दर पंधरा मिनिटांनी तळवे चाचपत होतो. पहाटे पाचच्या सुमाराला अंगठा कोमट लागला. आमच्या सिस्टरनी हात लावून बघितला आणि भिंतीकडे तोंड करून डोळे पुसले. पोरगा चौथ्या दिवशी घरी गेला. मी काकांना काही बोललो नाही. पोरगा वाचलाय, आता म्हाताऱ्या माणसाला कशाला दुखवायचं, असं मनाला सांगितलं. खरं तर बोललो असतो तर सहा वर्षांपूर्वीच्या त्या दुपारपर्यंत जावं लागलं असतं, आणि तिथे मी उभा होतो.

हॉलबाहेर पत्र हातात धरून उभं राहिल्यावर मात्र पळायला जागा उरली नव्हती.

"काका, मी नाव घालणार नाही," मी म्हणालो.

त्यांना वाटलं मी ऑब्झर्व्हरला घाबरतोय. "कुणाला कळत नाही रे. जुनी रजिस्टरं कोण बघतंय?"

मग मी त्यांना मुलाबद्दल सांगितलं. किती वाजता आला, काय दिलेलं होतं, छातीत काय ऐकू आलं, सगळं केस सांगतो तसं. आणि मग सहा वर्षांपूर्वीच्या दुपारबद्दल. एकही शब्द चढवून बोललो नाही, पण माझा घसा दाटून आला होता.

काका बराच वेळ काही बोलले नाहीत. पायऱ्यांवर बसले. मंडपवाल्याची पोरं खुर्च्या घेऊन आमच्या मधून जात-येत होती.

"पोरगं कुठलं?" त्यांनी विचारलं.

मी वस्तीचं नाव सांगितलं.

"म्हणजे त्याच्या बापाचं बाळंतपण मीच केलंय. पायाळू होता." थोडं थांबून म्हणाले, "दुसऱ्या दिवशी त्याचा आजा येऊन नारळ देऊन गेला मला. म्हणाला, तुमचं इंजेक्शन लागू पडलं, पुढं थोडं वाढलं म्हणून तिकडं नेलं. मी नारळ घेतला."

मला त्यांच्याकडे बघवेना. त्यांचं शिकणं थांबलं, ते काही आळसाने थांबलं नव्हतं. छत्तीस वर्षं रोज शंभर-सव्वाशे रुग्ण, रात्री-बेरात्री दार वाजणारं, दुसरा कुणी नाही. अशा माणसाला वर्षातले सहा तास सोडवून देणं हे आमचं, शाखेचं, काम होतं. त्यांच्या ओपीडीत एक दिवस बसायला मी कधी गेलो नाही. सही करणं सोपं होतं, ती केली.

साडेनऊला डॉक्टर मंडळी यायला लागली. मला वाटलं काका घरी जातील. ते आत गेले, पहिल्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसले आणि खिशातलं पॅड काढलं. पहिलं व्याख्यान क्षयरोगावर होतं. दिवसाआड औषध देण्याची जुनी पद्धत २०१७ पासून सोडून रोजच्या, वजनाप्रमाणे ठरवलेल्या एकत्रित गोळ्या का आणल्या, हे पुण्याच्या मॅडम समजावून सांगत होत्या. काकांनी मध्येच हात वर केला. त्यांच्याकडे एक माणूस होता, कुठून तरी जुन्या हिशेबाने औषध चालू केलेला. त्याचं आता काय करायचं, असं त्यांनी पन्नास-साठ डॉक्टरांसमोर, काहीही न लपवता विचारलं. मॅडमनी थुंकीची तपासणी कोणती करायची, जिल्ह्याला कुणाकडे पाठवायचं, ते सांगितलं. काकांनी लिहून घेतलं. त्यानंतर आणखी तिघांनी असेच प्रश्न विचारले. इतक्या वर्षांत आमच्या हॉलमध्ये इतके खरे प्रश्न मी ऐकले नव्हते.

जेवणाच्या सुट्टीत त्यांनी मला बाजूला घेतलं. खुलासा काय लिहायचा ते ठरवलं होतं: गुण पूर्ण नाहीत, मुदत संपल्यावरही प्रॅक्टिस केली, उद्यापासून दवाखाना बंद ठेवतो, गुण पूर्ण करून रीतसर अर्ज करीन, आणि त्या ऊसतोड कामगाराच्या दाव्याला माझ्या चुकीची झळ लागू नये. शेवटचं वाक्य त्यांनी दोनदा वाचून दाखवलं. त्या कामगाराच्या पायाचे मूळ एक्सरे सरकारी दवाखान्यात दाखवून तिथल्या डॉक्टरांचा दाखला मिळतो का ते बघतो, असं मी कबूल केलं. मग त्यांनी पॅडवर लिहिलेली बीपी-शुगरच्या बावीस रुग्णांची यादी माझ्या हातात दिली, नावापुढे वस्ती आणि कोण पायी येऊ शकत नाही तेही लिहिलेलं.

दुपारचं सत्र संपलं. काकांनी शेवटपर्यंत बसून स्वतःच्या हाताने सही केली. ऑब्झर्व्हर रजिस्टर तपासून बंद करत होते. मी कपाटातून सहा वर्षांपूर्वीचं रजिस्टर आणून त्यांच्यासमोर उघडलं आणि त्या ओळीवर बोट ठेवलं.

"ही सही यांची नाही. मी केलीय."

त्यांनी चष्मा वर करून आधी माझ्याकडे आणि मग मागे उभ्या असलेल्या काकांकडे बघितलं. वयाने ते आमच्या दोघांच्या मधले होते. "लेखी द्यावं लागेल," ते म्हणाले. "तारखेसह. तुमच्यावरही येईल हे, कळतंय ना?"

कळत होतं. मी कागद शोधायला लागलो. काकांनी आपल्या पॅडचं एक पान फाडलं. वर त्यांचं नाव, खाली एमबीबीएस आणि रजिस्ट्रेशन नंबर छापलेला होता. त्यांनी खिशातलं पेन काढून त्या नंबरावरून एक सरळ रेघ मारली आणि पान माझ्यापुढे सरकवलं.

मी उलट बाजूला तारीख घातली आणि लिहायला घेतलं.