खांद्यावरचा टॉवेल

मे महिना, भर दुपार, बाहेर ४३ अंश. पुण्याहून आलेल्या लेकीला थाई खायचं होतं. 'बाबा, सोलापुरातपण मिळतं आता.' मिळू दे की, म्हणून निघालो. मला ओढ एसीची.

दारातल्या पोरानं हात जोडून 'सवादी ख्रप' म्हटलं आणि लगेच, 'काका, इकडं बसा, तिकडचा एसी गळतोय.' हातात काळे मोजे. बरं वाटलं. मग त्याच मोज्यांनी त्यानं मोबाईल उचलला, मान खाजवली, खुर्ची ओढली आणि आत बोटं घालून दोन्ही ग्लास एकदम आणले. उघड्या हाताला चिकट लागलं की माणूस आपसूक धुवायला जातो. मोजा घातला की काही लागलंय हेच कळत नाही.

पण माझी नजर त्याच्या खांद्यावर. पांढरा टेरी टॉवेल, निळा काठ. आपल्याच गावचा, शंका नको.

वडील पूर्व भागातल्या एका टॉवेल कारखान्यात होते. दोरा सुटलेला, काठ वाकडा गेलेला माल 'सेकंड' म्हणून कामगारांना स्वस्तात मिळायचा. घरात बाकी सगळ्याची ओढाताण, टॉवेल मात्र पोत्यानं. आईनं त्यांना कामं वाटून दिलेली: निळ्या काठाचा हातांना, लाल ताटांना, हिरवा ओट्याला आणि चौकड्याचा फक्त देवाच्या भांड्यांना. एकदा खेळून आलो आणि हिरव्यानं तोंड पुसलं. तिनं दंड धरून न्हाणीत नेलं आणि दुसऱ्यांदा आंघोळ घातली. नळ आलेला नव्हता. साठवणीच्या हंड्यातलं पाणी. संध्याकाळी त्या हंड्यावरून वडील तिच्यावर ओरडले, ती माझ्यावर.

तेव्हापासून ही खोड. हॉटेलात फडकं कुठून कुठं जातंय ते मी मोजतो. टेबल, घाम, चमचा, परत टेबल. लेक म्हणते, 'जेवायला आलाय का तपासणीला?' तिचंही खरं. गड्ड्याच्या यात्रेत धुळीत उभं राहून भजी खाणारा मीच. सोलापुरी चादरीसारखंच इथल्या टेरी टॉवेललाही जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन आहे. एका टॉवेलनं किती कामं करावीत, ते त्यात नसावं.

लेकीनं चॉपस्टिक मागितल्या. पोरगा म्हणाला, थाई माणसं भात काट्या-चमच्यानंच खातात; काट्यानं ढकलायचं, चमच्यानं खायचं. माहिती बरोबर होती. ती देता देता त्यानं खांद्यावरच्या टॉवेलनं माझा चमचा घासला, उजेडात धरून त्यात स्वतःचं तोंड बघितलं आणि समाधान झाल्यावर पुढं ठेवला. मी कागदी रुमालानं तो गुपचूप परत पुसला.

सूपला गवती चहाचा वास, म्हणजे आमच्याकडं सर्दीचा. मग सोम तम आलं. कच्ची पपई, लसूण, मिरची, लिंबू, सगळं उखळीत चेचलेलं आणि वर शेंगदाणे. शेंगदाणे दिसल्यावर सोलापूरकर किती ताणून धरणार? ताटली मीच संपवली.

हात धुवायला मागं गेलो. नळ कोरडा. बेसिनशेजारी निळं पिंप, झाकणावर मग, तळाला वीतभर पाणी. तोच पोरगा मोजे काढून उभा होता. बोटं घामानं पांढरी पडलेली, सुरकुतलेली.

'आज पाचवा दिवस, काका. रात्री सुटंल म्हणतात.'

शंभरावर किलोमीटरवरच्या उजनीतून येणाऱ्या पाण्याची वाट आमच्याही घरात बघणं चालू होतं. त्यानं पिंप तिरकं करून अर्धा मग भरला आणि माझ्यापुढं धरला.

'तू धू,' मी म्हटलं.

'तुम्ही गिऱ्हाईक, काका.'

'अरे, तुला परत ताटं लावायचीयत.'

त्यानं धुतले. थेंब थेंब सोडून, बोटांच्या बेचक्यांतून, मनगटापर्यंत. मग खांद्यावरच्या टॉवेलला पुसले.

'धुतले?' टेबलाशी लेकीनं विचारलं.

'हो,' म्हटलं.