आयेल्ट्सचा निबंध आणि आपले सयाजीराव

बडोद्यात हल्ली जिकडे बघाल तिकडे आयेल्ट्सचे, म्हणजे परदेशी जायला लागणाऱ्या इंग्रजीच्या परीक्षेचे, क्लास. अलकापुरी झालं, फतेगंज झालं, निझामपुऱ्यात तर एकाच बिल्डिंगवर दोन-दोन बोर्ड, कॅनडा, ऑस्ट्रेलिया, यूके. आमच्या दांडिया बाजारातल्या मराठी घरांमधली पोरं तरी कशी मागे राहतील, माझी भाचीही आता त्याच लाइनीत आहे. लिसनिंग-रीडिंग तिला जमतं, स्पीकिंगला तर तिला गप्प करावं लागतं, गाडी अडते ती रायटिंगच्या टास्क टूवर, म्हणजे निबंधावर. त्यामुळे ती लिहिते आणि मी वाचते, असं सध्या चाललंय.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी पटकन सांगते. रायटिंगला एक तास, त्यात दोन टास्क. पहिल्यात कमीत कमी १५० शब्द, दुसऱ्यात २५०. टास्क टूचं वजन दुप्पट, म्हणून पहिल्याला २० मिनिटं आणि दुसऱ्याला ४० असा हिशोब. मार्क चार गोष्टींवर, चारही सारख्याच: विचारलंय त्याचं उत्तर दिलंय का, मुद्दे एकमेकांना धरून आहेत का, शब्दसंपत्ती आणि व्याकरण. पोरं सगळा जीव शेवटच्या दोनवर काढतात. पहिल्याकडे कुणी बघतच नाही.

परवाचंच घ्या. प्रश्न होता, युनिव्हर्सिटीचं शिक्षण सगळ्यांना फुकट असावं असं काहींना वाटतं, तुम्ही कितपत सहमत आहात? बाईसाहेबांनी सुरुवात केली, 'इन टुडेज मॉडर्न वर्ल्ड, एज्युकेशन इज द बॅकबोन ऑफ सोसायटी'. मग पुढे शिक्षणाने माणूस कसा घडतो, देश कसा पुढे जातो, असं पानभर.

"मावशी, इंग्लिश तर चांगलंय ना?"

"इंग्लिश छानच आहे गं, पण शिक्षण चांगलं की वाईट हे विचारलंय कुणी? फी कोणी भरायची ते विचारलंय."

ही सुरुवात क्लासमधून पाठ करून आणलेली. विषय पर्यावरण असो, मोबाइल असो, म्हातारे आईबाप असोत, पहिली दोन वाक्यं तीच, फक्त मधला शब्द बदलायचा. एक्झामिनर असली वाक्यं दिवसभर वाचत असणार, त्याला काय कळत नाही का? आणि पाठ केलेल्या मजकुराचे मार्क मिळत नाहीत हे तर आयेल्ट्सवालेच सांगतात.

प्रश्नाच्या खाली दरवेळी एक ओळ असते, स्वतःच्या माहितीतली किंवा अनुभवातली उदाहरणं द्या म्हणून. ती ओळ कुणी मनावर घेत नाही आणि सगळे जण फिनलंड नाहीतर 'अमेरिकेतल्या एका सर्व्हेनुसार' असं काहीतरी ठोकून देतात. अरे, आपण बडोद्यात राहतो! सयाजीराव महाराजांनी १९०६ साली अख्ख्या संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, त्याआधी १८९३ मध्ये अमरेलीत प्रयोग करून बघितला होता. पण परदेशी शिकायला मात्र त्यांनी सरसकट सगळ्यांना पाठवलं नाही, निवडक मुलांना स्कॉलरशिप दिली, १९१३ मध्ये कोलंबिया युनिव्हर्सिटीत गेलेले बाबासाहेब आंबेडकर त्यातलेच, आणि तेही शिकून आल्यावर संस्थानात नोकरी करायची या अटीवर. झालं की उत्तर! शाळा सगळ्यांना फुकट, युनिव्हर्सिटी गरजू आणि हुशार मुलांना फुकट, म्हणजे मी काही अंशीच सहमत आहे. एका उदाहरणात दोन पॅराग्राफ निघाले, आणि दोन्ही प्रश्नाला धरून.

भाची म्हणाली, पण एक्झामिनरला सयाजीराव कुठे माहीत असणार? नसू देत. 'बडोदा या भारतातल्या संस्थानाचे राजे' एवढं एका वाक्यात लिहायचं की पुढे जायचं. तिने परत लिहिलं तेव्हा भारी शब्द कमी झाले होते पण वाचताना कुठे अडखळायला झालं नाही, आणि 'प्लेथोरा' हा शब्द गेला याचा मला वेगळाच आनंद झाला.

आता आम्ही असं ठरवलंय की पहिली पाच मिनिटं पेन चालवायचंच नाही. प्रश्न दोनदा वाचायचा, मत एका ओळीत मराठीत म्हणायचं (हो, मराठीतच, क्लासवाल्यांना चालत नसेल तर नसू दे), दोन कारणं, प्रत्येकाला एक उदाहरण, मग लिहायला घ्यायचं. दोन्ही बाजू मांडून स्वतःचं मत द्या असं विचारलं असेल तर दोन्ही बाजू आल्याच पाहिजेत, एकीवरच घसरायचं नाही. शेवटची पाच मिनिटं तपासायला, त्यात 'द' कुठे राहिला, 'पीपल'पुढे 'इज' कुठे पडला आणि 'डिस्कस'नंतर 'अबाऊट' कुठे घुसला एवढंच बघायचं, कारण आपल्या लोकांचं तिथेच घसरतं. कॉम्प्युटरवर परीक्षा असली तर शब्द स्क्रीनवर मोजलेले दिसतात, कागदावर मात्र एका ओळीत आपले किती शब्द बसतात ते आधीच माहीत असलेलं बरं.

टास्क वनचे ते ग्राफ आणि तक्ते तिच्या बाबांकडे सोपवलेत. ते बँकेत होते, त्यांना आवडतं ते.