लिग्नम व्हिटीची फांदी उतरवताना

रात्रीच्या वादळात उद्यानातल्या लिग्नम व्हिटी या अतिशय कठीण लाकडाच्या झाडाची खालची जाड फांदी चिरली आणि वाटेवर लोंबकळू लागली. ती त्याच दिवशी उतरवणं भाग होतं. या झाडावर करवत चालवायची माझी पहिलीच वेळ, आणि कामही जिवावर आलेलं. एवढी जाडी धरायला या झाडाला कित्येक दशकं लागतात.

साल खोडापर्यंत सोलत जाऊ नये म्हणून आधी खालून छेद घेतला, मग वरून. बाहेरचं फिकट पिवळं लाकूड सहज कापलं गेलं. गाभ्याला दात लागले आणि चेनसॉचा आवाजच बदलला. भुगा बारीक होऊन उडू लागला.

"साहेब, चेन बोथटली," माळीकाका म्हणाले.

कानस मारून पुन्हा सुरू केलं. थोड्या वेळाने पुन्हा तेच. ओकच्या तिपटीहून जास्त कठीण लाकूड, तंतू एकमेकांत तिरपे गुंतलेले आणि त्यात राळ भरलेली. या राळेमुळे ते वंगणाशिवाय घर्षण सोसतं. जहाजाच्या पंख्याचा दांडा ज्या बेअरिंगमध्ये फिरतो ती पूर्वी याच लाकडाची असत, आणि समुद्राचं पाणीच त्यांना पुरत असे. जॉन हॅरिसन या इंग्रज घड्याळजीने १७२०च्या दशकात तेल न लागणारं घड्याळ केलं, त्यातही हेच लाकूड. मात्र त्याचा भुगा काहींना बाधतो, म्हणून आम्ही मास्क काढले नाहीत.

काकांनी गाभ्याचा एक ढलपा पाण्याच्या पिंपात टाकला. तो थेट तळाला गेला.

"ओलं आहे म्हणून बुडलं असेल."

"वाळल्यावरही बुडतं, काका."

त्यांना पटलं नाही. एक तुकडा त्यांनी सावलीत ठेवून दिला. पुढे तो खडखडीत वाळल्यावर स्वतः पाण्यात टाकला, तेव्हा कुठे मान डोलावली. तोवर गाभ्याचा तपकिरी रंग हिरवट झाला होता. या लाकडापायी कॅरिबियन बेटांवर झाडाची एवढी तोड झाली की २००३पासून गुआयाकमच्या, म्हणजे हे झाड ज्या प्रजातीतलं आहे तिच्या, सगळ्या जातींचा आंतरराष्ट्रीय व्यापार धोक्यातल्या प्राणी-वनस्पतींसाठीच्या साइटिस कराराच्या नियंत्रणात आहे.

मला मात्र त्या दिवसातली फुलंच जास्त आठवतात. एरवी ती मान वर करून बघायची. आता हातात होती. ताजं फूल गडद निळं, जुनं होताना फिकट होत जवळजवळ पांढरं. एकाच गुच्छात निळ्याच्या सगळ्या छटा! शेजारीच चपटी, पत्त्यांतल्या बदामाच्या आकाराची केशरी फळं. काही उकललेली, आत लाल गरात बी. लाकडाची कीर्ती बाजूला ठेवली तरी केवळ या फुला-फळांसाठी हे झाड लावावं, असं माझं ठाम मत आहे.

पिकलेली फळं आम्ही वेचली. गर धुऊन बी ताजंच पेरलं, कारण साठवलेल्या बियांचा भरवसा कमी. बरीचशी उगवली. रोपं अजून कुंडीतच आहेत, आणि कुणी मागितलं तर मी आधी जागा बघून येतो. भरपूर ऊन हवं आणि मुळाशी पाणी साचता कामा नये.